बायपासनंतर नानांची शुगर २४० आणि रात्रभर बडबड, डॉक्टर म्हणतात "स्ट्रेस हार्मोन", हे नक्की काय असतं?

केळीबाग_चोपडा

नमस्कार मंडळी. वडिलांची (आम्ही नाना म्हणतो, वय ६७) मागच्या महिन्यात नाशिकला बायपास झाली, तीन ग्राफ्ट टाकले. ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले, आता घरी आहेत, ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला छातीचा पट्टा दाखवतात. पण आयसीयूत जे बघितलं ते काही डोक्यातून जात नाहीये. नानांना आयुष्यात कधी शुगर नाही, ऑपरेशनआधीच्या तपासणीत पण नॉर्मल, आणि त्या रात्री २४०, इन्सुलिनचा पंप लावलेला. तिसऱ्या दिवशी ठोके वेडेवाकडे. आणि रात्र झाली की बडबड सुरू, सिस्टरलाच म्हणे "पोऱ्या, मोटार बंद कर रे, पानी वाही राह्यनं", आणि हाताची नळी उपसून निघाले मळ्यात. राउंडच्या डॉक्टरांना विचारलं तर "स्ट्रेस हार्मोन वाढतात, होतं असं" एवढं बोलून पुढच्या बेडवर. त्यांचाही दोष नाही म्हणा, गर्दीच तेवढी होती.

आता माझे प्रश्न. स्ट्रेस म्हणजे टेन्शनच ना? मग भूल देऊन झोपवलेल्या माणसाला कसलं आलंय टेन्शन? दुसरं, नानांना शुगर कायमची लागली का? तिसरं म्हणजे चुलतभाऊ मागे लागलाय की कॉर्टिसॉलची टेस्ट कर, त्याच्या ओळखीच्या लॅबवाल्याकडे "स्ट्रेस पॅकेज" आहे आणि रिपोर्ट जास्त आला की अश्वगंधा चालू करायची. करू का? कारण नाना अजून रात्री नीट झोपत नाहीत आणि मधेच रडतात, आजी गेली तेव्हापण त्यांना रडताना पाहिलं नव्हतं आम्ही.

भुसावळ_जंक्शन

ना भो, इतकं मनाला लावून घेऊ नको. आमचे सासरे रेल्वेत गार्ड होते, बायपासनंतर आयसीयूत दोन रात्री त्यांनी गाडी चालवली, वॉर्डबॉयला हिरवा झेंडा मागत होते. घरी आल्यावर यातलं त्यांना काहीच आठवत नाही, सांगितलं तर चिडतात. शुगर त्यांचीपण वाढलेली, नंतर उतरली. टेस्टबिस्ट आम्ही काही केली नाही. बाकी शास्त्र मला विचारू नको, इथे एक धुळ्याचे भूलवाले डॉक्टर असतात ते सांगतील.

भूलवाला_धुळे

हाक ऐकली. नानांचे पेपर मी पाहिलेले नाहीत त्यामुळे त्यांच्या गोळ्यांबद्दल काही बोलणार नाही, ते तुमच्या सर्जनचं काम. पण प्रश्न एकदम बरोबर विचारलाय की झोपलेल्या माणसाला कसलं टेन्शन.

मनाला टेन्शन नसतं, शरीराला असतं. भूल दिली की माणसाला कळणं बंद होतं पण छातीचं हाड कापलं गेल्याची वार्ता नसांमधून मेंदूच्या तळाशी जातच राहते. तिथल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरीला निरोप, पिट्युटरीकडून एसीटीएच नावाचं हार्मोन रक्तात, आणि त्याने किडनीच्या वरच्या टोकाला बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कामाला लागतात. चार-पाच ग्रॅमची एकेक ग्रंथी आहे, पण तिच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल आणि आतल्या गाभ्यातून, नसांच्या थेट निरोपावर, अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन. हीच ती स्ट्रेस हार्मोन. एरवी शरीर दिवसाला साधारण १० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनवतं, मोठ्या ऑपरेशनला हाच आकडा ७५ ते १५० पर्यंत जातो असं आमच्या पुस्तकांत आहे.

हार्टच्या ऑपरेशनला हे जरा जास्तच होतं, कारण बायपास मशीन, म्हणजे ऑपरेशनपुरतं हृदय आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र. मशीन चालू असताना रक्त फुप्फुसातून जवळजवळ जातच नाही, आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन साफ करायचं बरंचसं काम फुप्फुसं करतात, म्हणजे बनणं चालू आणि साफसफाई बंद. त्यात अंग थंड केलेलं, रक्ताचा प्रवाह ठोक्याठोक्याने न येता सलग येणारा, रक्त मशीनच्या नळ्यांना लागल्यामुळे सूज आणणारी रसायनं सुटलेली. मजा अशी की मशीन सुरू केल्या केल्या कॉर्टिसॉल थोडं कमी दिसतं, कारण मशीनमधलं लिटर-दीड लिटर पाणी रक्तात मिसळून रक्त पातळ होतं. मग चढत जातं आणि ऑपरेशन संपल्यावर काही तासांनी सगळ्यात वर असतं, म्हणजे नेमकं तुम्ही काचेतून बघत होता तेव्हा.

शुगरचं उत्तर यातच आहे. कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनलिन दोघंही लिव्हरला सांगतात साखर सोड, स्नायूंना सांगतात इन्सुलिनचं ऐकू नका, आणि थंडीमुळे स्वादुपिंडातून इन्सुलिनपण कमी सुटतं. वरून बीपीसाठी अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन चालू असेल तर झालंच. त्यामुळे शुगर नसलेल्या माणसाची २४० होणं आम्हाला रोजचं आहे. ती १८० च्या खाली ठेवायची असा साधारण नियम. तो १८० कुठून आला तेपण सांगतो. २००१ मध्ये बेल्जियममधल्या एका अभ्यासात, त्यात बरेचसे हार्ट सर्जरीचेच पेशंट होते, शुगर ८० ते ११० मध्ये घट्ट धरली तर मृत्यू कमी झाले, मग जगभर सगळे त्याच्या मागे लागले. २००९ ला सहा हजारांवर आयसीयू पेशंटचा मोठा अभ्यास आला, त्यात घट्ट धरलेल्यांचेच मृत्यू जास्त निघाले, शुगर खाली कोसळायचे प्रकारही जास्त. तेव्हापासून हात सैल सोडलाय.

कायमची लागली का, तर बहुतेक नाही, पण बघून घ्या. उपाशीपोटीची शुगर आता करा. तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीएवनसी, ती ऑपरेशनआधी केली असेल तर फाईलमध्ये शोधा, तो आकडा जास्त कामाचा, कारण ऑपरेशनमध्ये रक्त चढवलं असेल तर आत्ताचा आकडा फसवू शकतो. बऱ्याच जणांची शुगर आधीपासून काठावर असते आणि ऑपरेशनच्या निमित्ताने उघडी पडते.

ठोके वेडेवाकडे म्हणजे बहुतेक एट्रियल फिब्रिलेशन, हार्ट सर्जरीनंतर शंभरात वीस ते चाळीस जणांना होतं, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. अ‍ॅड्रिनलिनचा त्यात हात असतो, एकट्याचा नाही.

आणि ते स्ट्रेस पॅकेज करू नका. कॉर्टिसॉल सकाळी ८ च्या आसपास वर असतं, मध्यरात्री तळाला, आणि मोठ्या ऑपरेशननंतर हे वेळापत्रकच काही दिवस बिघडतं. त्यातून नुकत्याच बायपास झालेल्या माणसाचं कॉर्टिसॉल जास्त आलं तर त्यात नवल काय, आणि त्यावर करणार काय? थायरॉइडचंही तेच, इतक्यात टी३ केलं तर कमी येऊ शकतं आणि उगाच गोळी सुरू होते. अश्वगंधेचं म्हणाल तर कॅप्सूल घेऊन लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, थायरॉइडवरपण परिणाम होतो, नाना आत्ता सात-आठ गोळ्यांवर असतील त्यात हिची भर कशाला. आधी कार्डिओलॉजिस्टना विचारा.

केळीबाग_चोपडा

डॉक्टरसाहेब एवढं कोणी बसवून सांगितलं नव्हतं, आभार. फाईल काढली, ऑपरेशनआधीचं एचबीएवनसी ५.९ लिहिलंय. पण एक कळलं नाही, हे हार्मोन एवढा धिंगाणा घालतं तर औषध देऊन दाबून का टाकत नाहीत? भूल अजून जास्त द्यायची.

आयसीयूवाली_ताई

डॉक्टर सांगतील ते सांगतील, मी रात्रपाळीचं सांगते. मी हार्टच्या आयसीयूत बरीच वर्षं काढलीत, माहेर अमळनेरचं. नानांसारखी बडबड म्हातारे लोक खूप करतात, आम्ही डेलिरियम म्हणतो. कोणी मळ्यात जातं, कोणी लग्नात वाढपी होतं, एक आजी मला रात्रभर सून समजून शिव्या देत होत्या आणि सकाळी "माय, तू जेवनी का" विचारत होत्या. घरच्यांना वाटतं डोकं गेलं. तसं नसतं, बहुतेकांचं काही दिवसांत उतरतं. हार्मोन आहेच त्यात, पण आयसीयूत चोवीस तास लाईट, मॉनिटरची टिंगटिंग, दर तासाला कोणीतरी बोट टोचतंय, चष्मा नाही, कानाचं मशीन पिशवीत, दात डबीत, आणि आपल्याशी बोलतंय कोण ते तोंडाला मास्क लावलेलं. धडधाकट माणूस पण दोन दिवसांत बरळेल.

म्हणून ज्यांच्या घरचं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी ऐका. चष्मा आणि कानाचं मशीन नावाची पट्टी लावून सिस्टरकडे द्या आणि मागे लागा घालायला. भेटायच्या वेळेत रडत बसू नका, आज वार कोणता, मळ्यात काय चाललंय, केळीचा भाव काय चालू आहे असं रोजचं बोला, आणि त्यांच्या बोलीत बोला. आमच्याकडे एक बाबा मराठीत "नाव काय" विचारलं तर नुसते बघायचे, मी म्हटलं "बाबा, नाव काय शे तुमनं" की लगेच नाव, गाव, भाऊबंद सगळं. डॉक्टर लिहिणार होते पेशंट प्रतिसाद देत नाही!

आणि दुखणं. आपल्याकडची माणसं दुखतंय म्हणत नाहीत, विशेष करून बाप लोक. दहापैकी किती दुखतंय विचारलं की "काही नही" आणि चेहरा घामाने डबडबलेला, नाडी ११५. दुखणं दाबून ठेवलं की तेच हार्मोन वर जातं, माणूस खोकत नाही, बॉलवाल्या यंत्रातून श्वास ओढायचा व्यायाम टाळतो, मग छातीत कफ. घरीपण दुखण्याची गोळी सांगितलेल्या वेळी द्या, मागायची वाट बघू नका. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची हे तर सांगितलंच असेल.

भूलवाला_धुळे

ताईंनी जे लिहिलं ते आमच्या राउंडमध्ये राहून जातं, खरं आहे.

दाबून का टाकत नाही, तर प्रयत्न करून झालेत. पूर्वी फेन्टानिलसारखी दुखणं मारणारी जबर औषधं प्रचंड डोसमध्ये द्यायचे, हार्मोन बरंच खाली राहायचं, पण पेशंट दुसऱ्या दिवसापर्यंत व्हेंटिलेटरवर. आता लवकर जागं करून नळी काढण्याकडे कल आहे. मग सूज कमी करायला सरळ स्टेरॉइडच द्यावं असा विचार निघाला, कारण कॉर्टिसॉल हेपण स्टेरॉइडच. २०१२ मध्ये नेदरलँड्सचा साडेचार हजारांच्या आसपास पेशंटचा अभ्यास आला, २०१५ मध्ये बऱ्याच देशांचा मिळून साडेसात हजारांचा. दोन्हीत सगळ्यांना सरसकट मोठा डोस देऊन मृत्यू काही कमी झाले नाहीत. म्हणून मोठ्या माणसांत ते सरसकट द्यायचं कारण उरलं नाही.

तान्ह्या बाळांची गोष्ट मात्र वेगळी आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. १९८० च्या दशकापर्यंत बऱ्याच ठिकाणी समज होता की नवजात बाळाला दुखणं कळतच नाही, त्यामुळे ऑपरेशनला हालचाल बंद करायचं औषध आणि थोडा गॅस, बस. मूळ भारतातले डॉ. कंवलजीत आनंद ऑक्सफर्डला होते, त्यांनी हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधायच्या ऑपरेशनमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे हार्मोन मोजले. ज्यांना फेन्टानिल दिलं त्यांचे कमी वाढले आणि गुंतागुंतही कमी झाली. १९८७ ला ते छापून आलं आणि पुढे जगभरची पद्धत बदलली. बाळ बोलत नाही पण त्याचं रक्त बोललं. तर हार्मोन मोजण्याचा उपयोग असतो, फक्त ओट्यावर बसलेल्या नानांसाठी पॅकेज म्हणून नाही.

आणि कॉर्टिसॉलला व्हिलन करू नका. ऑपरेशनच्या वेळी बीपी धरून ठेवणं, रक्तवाहिन्यांनी औषधाला दाद देणं, सूज आटोक्यात ठेवणं ही त्याची कामं. ते वाढलंच नाही तर आमची खरी पळापळ होते.

साकरी_नाका

डॉक्टर मी असं ऐकलंय की बीटिंग हार्ट केलं, मशीन लावलंच नाही, तर हे स्ट्रेसचं काही होतच नाही. आमच्या ओळखीत एकाला तसंच सांगून ते केलं.

भूलवाला_धुळे

"काही होतच नाही" हे जरा विकायचं बोलणं झालं. छाती तर उघडतातच ना. मशीन नसल्यामुळे सुजेची रसायनं काही प्रमाणात कमी दिसतात, कॉर्टिसॉल तिथेही चढतं. कोणाला मशीनवर आणि कोणाला बीटिंग हार्ट हे सर्जनचा हात कशावर बसलाय, धमन्या कुठे आणि किती बारीक आहेत यावर ठरू द्या.

शहाद्याची_लेक

मधेच विचारते, माफ करा. माझ्या आईचं (५८) व्हॉल्व्हचं ऑपरेशन सुरतला ठरलंय, आम्हाला शहाद्याहून सुरतच जवळ पडतं. वरती डॉक्टरांनी लिहिलं की कॉर्टिसॉल वाढलंच नाही तर पळापळ, ते वाचून पोटात गोळा आला. आई गुडघ्यांसाठी दोनेक वर्षं एका वैदूकडची पुडी घेते, पांढरी पावडर, पुडीवर नावगाव काही नाही. घेतली की तासाभरात पायऱ्या चढते, नाही घेतली की अंथरुणातून उठवत नाही. चेहरा पण गोल झालाय, आम्ही म्हणायचो तब्येत सुधारली. ती म्हणते जडीबुटी आहे, डॉक्टरला सांगायची गरज नाही. याचा काही संबंध आहे का?

भूलवाला_धुळे

आहे, आणि बरं झालं विचारलंत. नानांचा विषय राहू दे बाजूला, हा धागा ज्यांनी वाचला त्यांनी एवढं तरी वाचाच.

तासाभरात गुडघा मोकळा करणारी, बिननावाची, चेहरा गोल करणारी पुडी म्हणजे तिच्यात स्टेरॉइड कुटून घातलेलं असण्याची दाट शंका. आपल्या भागात हा धंदा जोरात आहे, दम्याच्या पुड्या, वाताच्या पुड्या, वजन वाढवायच्या पुड्या. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळायला लागलं की मेंदू अ‍ॅड्रिनलला निरोप पाठवणं बंद करतो आणि ग्रंथी हळूहळू आक्रसते. वर्षानुवर्षं बंद पडलेली मोटार जशी ऐन गरजेला बटन दाबून उठत नाही तसंच. मग टेबलावर छाती उघडी, मशीनवरून उतरवताना बीपी ६०, औषधं ओततोय आणि बीपी वर येत नाही, आणि फाईलमध्ये कुठेच काही लिहिलेलं नाही. तशा वेळी भूलवाल्याला माहीत असलं की किती फरक पडतो ते मी बघितलंय.

साध्या भाषेत मोजमाप असं, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची ५ मिलिग्रॅमची गोळी महिनाभर रोज घेतली तरी ग्रंथी दबलेली असू शकते असं धरून चालतात. पुडीत किती आहे देव जाणे. माहीत असेल तर उपाय अवघड नाही, भूल देतानाच हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉल, शिरेतून देतात, बहुतेक १०० मिलिग्रॅम, आणि पुढे चालू ठेवतात. स्वस्त इंजेक्शन आहे, कुठल्याही दवाखान्यात असतं.

आता दोन गोष्टी. पुडी आजच्या आज स्वतःहून बंद करू नका, अचानक बंद केली तर उलट्या, बीपी पडणं, बेशुद्धी, ऑपरेशनची वाट न बघता घरीच प्रकार व्हायचा. आणि भरलेली पुडी तशीच उचलून सुरतला भूलतज्ज्ञांना दाखवा, "दोन वर्षं घेते" असं स्वतः तोंडाने सांगा. आई सांगणार नाही, तुम्ही सांगा. आणखी एक, ताप, उलटी किंवा चक्कर असं काही मधे झालं तर शहाद्यातच लगेच डॉक्टरकडे न्या आणि पुडीचं तिथेही सांगा. बरेच जण ते लपवतात कारण डॉक्टर ओरडतील म्हणून. ओरडतील, ओरडू द्या.

आयसीयूवाली_ताई

+१०० डॉक्टर. आणि नुसत्या पुड्याच नाही. दम्याचा पंप, त्वचेला लावायची मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब, गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, सगळं सांगायचं. आम्ही "काही गोळ्या चालू आहेत का" विचारतो तेव्हा लोक फक्त बीपी-शुगरच्या सांगतात, बाकीचं त्यांच्या हिशेबात औषधच नसतं.

ताई, तुम्ही आईला घाबरवू नका फक्त. समदं ठीक व्हई जाई.

केळीबाग_चोपडा

माझ्या धाग्यावरून कोणाचं काम झालं तर बरंच आहे. इकडे नानांची उपाशीपोटी शुगर १०४ आली. पॅकेज रद्द, चुलतभाऊ नाराज. पाय मात्र सुजलेत, आणि रडण्याचं काय करू ते कोणी सांगितलं नाही.

भूलवाला_धुळे

१०४ आणि ५.९ म्हणजे काठावर आहेत, केळी आणि आमरस बेताने, तीन महिन्यांनी परत बघा. ग्राफ्टसाठी ज्या पायातून शीर काढली तो पाय सुजतो, ते बरेच दिवस चालतं. दोन्ही पाय, वजन भराभर वाढतंय, आडवं झालं की दम लागतोय असं असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

रडणं: बायपासनंतर पाचातला एक जण तरी असा उदास होतो, बहुतेकांचं चालणंफिरणं वाढलं की हलकं होतं. सकाळी ऊन चढायच्या आत फिरायला न्या, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, भेटायला येणाऱ्यांची जत्रा कमी करा. दोन आठवड्यांच्या वर रोज तसंच राहिलं, जेवण तुटलं, गोळ्या नको म्हणायला लागले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि जगून काय करू, मेलेलं बरं असं काही बोलले तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी न्या. उदास पेशंट गोळ्या चुकवतो, आम्हाला त्याची जास्त भीती.

भुसावळ_जंक्शन

आमच्या सासऱ्यांना आम्ही स्टेशनवर नेऊन बसवायचो संध्याकाळी. शास्त्र माहीत नाही भो, पण गाड्या लेट का यावर भांडायला लागले तेव्हा कळलं माणूस परत आला.

शहाद्याची_लेक

सुरतला जाऊन आलो. भूलतज्ज्ञ मॅडमना पुडी दाखवली, आईने आधी डोळे वटारले माझ्याकडे. मॅडम ओरडल्या नाहीत, पुडी ठेवून घेतली, फाईलवर लाल पेनाने स्टेरॉइड लिहिलं, सकाळी ८ चं कॉर्टिसॉल सांगितलं. ते खूपच कमी आलं. आता पुडी बंद करून त्याजागी मोजून हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या चालू केल्यात, आणि ऑपरेशनच्या दिवशी इंजेक्शन देणार. तारीख तीच आहे. आईचे गुडघे पुडीशिवाय परत दुखायला लागलेत, त्यासाठी ऑपरेशननंतर हाडाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलंय.